नकला काढतो

“म्याडम, चपला भाईर काढा,” गावंडेबाबू म्हणाले. “कॉम्प्युटरच्या खोलीत धूळ चालत नाई.”

नागपूरहून साडेचार तास एस.टी.चे धक्के खात आले होते. धूळ डोक्यापासून पायापर्यंत होती, ती काही चपलांपुरती नव्हती. पण वाद घालायला मी त्या गावी आले नव्हते. चपला काढल्या, एप्रिलच्या तापलेल्या फरशीवर एक पाय भाजून घेतला आणि उडी मारून आत गेले.

खोलीत एकच कॉम्प्युटर होता आणि त्याच्यावर क्रोशाचं पांढरं झाकण. गावंडेबाबूंनी ते दोन्ही हातांनी उचललं, झटकलं आणि चौघडी करून कपाटावर ठेवलं. पन्नाशी ओलांडलेला, काटकुळा माणूस. खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. त्यांच्या मागे मुख्याध्यापक काळमेघसर खोलीची किल्ली बोटात फिरवत उभे होते. ती किल्ली बावीस दिवसांपूर्वी बाबूंकडून काढून घेतली होती.

“तीन वाजता चौकशी समिती बसेल,” काळमेघसर म्हणाले. “मशीनची चूक की माणसाची, एवढंच तुमच्याकडून हवंय. आणि हो, एक वाजता लाइट जाते, ती अडीचला येते. बघा कसं जमतंय ते.”

माणूस तिथेच उभा असताना त्याच्याविषयी असं बोलले. घड्याळात साडेअकरा झाले होते. मला तेव्हाच राग यायला लागला, आणि संध्याकाळपर्यंत तो काही गेला नाही. फक्त कुणावर आहे ते बदलत गेलं.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. नागपूरच्या एका छोट्या कंपनीत काम करत होते. आम्ही शाळांची जुनी जनरल रजिस्टरं कॉम्प्युटरवर चढवून द्यायचो. जनरल रजिस्टर म्हणजे शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाचं नाव, जन्मतारीख, जात, कधी आला, कधी गेला. शाळांकडचे कॉम्प्युटर म्हणजे कुणीतरी टाकून दिलेले डबे, म्हणून आमचं ‘पट’ नावाचं टूल साधं होतं. चित्रं नाहीत, माउस नाही, काळा पडदा. ‘पट’ लिहायचं, आडवी रेघ द्यायची, पुढे एक अक्षर टाकायचं, की काम झालं. कोणत्या अक्षराने काय होतं ते विसरलात तर ‘पट -एच’ लिहायचं. मग पडद्यावर मदत यायची, शुद्ध मराठीत. ती मदत मी लिहायची. मराठीत एम.ए., पहिला वर्ग, आणि नोकरी ही. पण त्या मदतीच्या मजकुराचा मला भारी अभिमान होता. बाकीच्या कंपन्यांचं सगळं इंग्रजीत होतं.

प्रकरण असं होतं. गावातली प्रणिता इंगोले नावाची मुलगी जातपडताळणीसाठी आजोबांच्या शाळेतल्या नोंदीचा उतारा मागायला आली. बाबूंनी कॉम्प्युटरमध्ये शोधलं. सदाशिव महादेव इंगोले, सन १९४८, सापडेना. त्यांनी शाळेच्या शिक्क्यानिशी लिहून दिलं, ‘सदर नोंद आढळून येत नाही.’ मुलीचा काका भडकला, माणसं घेऊन आला आणि कपाटातलं कागदी रजिस्टर उघडायला लावलं. नोंद तिथे होती, ठसठशीत. मग बाकीचंही ताडून पाहिलं, तर कॉम्प्युटरमधून दोनशे अकरा मुलं गायब. मुलीला उतारा कागदावरून मिळाला, तिचं काम मार्गी लागलं. पण गावात बोंब उठली की गावंडेबाबूने कुणाच्या तरी सांगण्यावरून नोंदी पुसल्या.

“पोलिसात देऊ म्हनतात,” कॉम्प्युटर सुरू व्हायची वाट पाहताना बाबू मला म्हणाले. काळमेघसर तोवर गेले होते. “देऊ द्या. पोलिसायले मी सांगन काय ते. मले पोलिसाचं काई नाई वाटत म्याडम. फक्त सेवापुस्तकात शेरा नाई पायजे. इकतीस वर्षं झाली, एक शेरा नाई. पुढच्या मे महिन्यात रिटायर होतो. कोरं पुस्तक घेऊन घरी जायचं हाये मले.”

“बघू,” मी म्हटलं. चौकशीला आलेला प्रत्येक माणूस त्यांना असंच ‘बघू’ म्हणत असणार.

आमचं टूल प्रत्येक आज्ञेची तारीख-वेळ टिपून ठेवतं. मी ती यादी उघडली आणि दोन मिनिटांत सापडलं. जानेवारीची चौदा तारीख, शनिवार, सकाळी अकरा चाळीस, ‘पट -एन’. खाली टूलचं उत्तर: ‘२११ नकला काढल्या.’ मग पुढच्या प्रत्येक शनिवारी, न चुकता, तीच आज्ञा, आणि उत्तर: ‘नकला काढणे बाकी नाही.’

“हे तुम्ही चालवलंत?”

“हाव. दर शनिवारी.” त्यांनी टेबलाच्या खणातून आपली रोजनिशी काढून पुढे केली. चौदा जानेवारीला लाल शाईत लिहिलं होतं, ‘आज २११ नकला काढल्या.’ खाली सही.

मी कपाळाला हात लावला. इथे कुणी चोर असेल तर तो स्वतःच्या चोरीवर सही-शिक्का करणारा होता.

पण माझी शंका वेगळी होती. एन हे अक्षर दुबार नोंदींसाठी होतं. रजिस्टर चढवताना टायपिस्ट कधी एकच पान दोनदा टाइप करतात, मग एकाच मुलाच्या दोन नोंदी होतात. एन त्यातली एक ठेवतो, एक काढून टाकतो. मदतीत दोनच ओळी होत्या, मला तोंडपाठ:

‘-एन : नोंदींच्या नकला काढतो.
सर्व रकाने तंतोतंत जुळल्यासच.’

मग इंगोले आजोबांची नोंद कशी गेली? त्यांच्यासारखा तंतोतंत दुसरा कोण असणार? यादीत शोधलं, तर सदाशिव महादेव इंगोले होता एक. जन्म १९८२.

“हा कोण?”

“तो प्रनिताचा भाऊ. मोठा. आज्याचंच नाव ठेवलं त्याले.” बाबू समजावून सांगू लागले, आजोबा सदाशिव, त्यांच्या वडिलांचं नाव महादेव. आजोबांनी आपल्या मुलाला वडिलांचं नाव ठेवलं, महादेव. महादेवने आपल्या मुलाला वडिलांचं ठेवलं, सदाशिव. “आमच्या गावात घरोघर असंच हाये. आजा अन नातू, पाटी एकच.”

मी पाच खोट्या नोंदींची एक छोटी फाइल केली. त्यात दोन सदाशिव महादेव इंगोले टाकले, जन्मतारखा वेगळ्या, जन्मगाव वेगळं, आईचं नाव वेगळं. ‘पट -एन’ चालवलं. ‘१ नक्कल काढली.’ आजोबा गेले, नातू राहिला.

पुन्हा केलं. पुन्हा आजोबा गेले.

सर्व रकाने तंतोतंत जुळल्यासच! मी ते वाक्य लिहिलं, गावोगावच्या शाळांनी त्यावर विसंबायचं, आणि टूल आपलं नाव-वडील-आडनाव एवढंच बघून माणसं उडवतंय. मी मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन फोन लावला. निशिकांतने उचलला. हे टूल त्याने लिहिलेलं.

“निशिकांत, एन सगळे रकाने बघतो ना?”

“बघायचा.”

“बघायचा म्हणजे?”

“दिवाळीआधी एका शाळेत फार रेंगाळायला लागलं. कोलतेसर म्हणाले, काहीतरी कर. मग फक्त तीन ठेवले, नाव, वडिलांचं नाव, आडनाव. तिन्ही जुळले म्हणजे माणूस तोच ना!”

“आणि आजोबा-नातू?”

“कुठले आजोबा?”

“अरे, आजोबांचं नाव नातवाला ठेवतात! तुमच्यात नाही ठेवत?”

“माझं नाव मावशीने ठेवलं,” तो म्हणाला. “तिला आवडायचं.”

“मला का नाही सांगितलंस? मदतीत अजून ‘सर्व रकाने’ लिहिलंय मी!”

“मदत कोण वाचतं गं?”

मी काही बोलायच्या आत फोन कोलतेसरांनी घेतला. कंपनी त्यांची. “वृषाली, शांतपणे ऐक. रकान्यांचं तिथे काढू नकोस. आज्ञा दिल्याशिवाय टूल काही करतं का? नाही. आज्ञा कुणी दिली? त्यांच्या माणसाने. तेवढं लिही, सही कर आणि सहाच्या गाडीने ये. बाकी आपण इथे बघू.”

“सर, पण टूल चुकलंय.”

“टूल दुरुस्त होईल. कंपनीचं नाव एकदा गेलं की दुरुस्त होत नाही.”

मी फोन आपटला. काळमेघसरांनी वर्तमानपत्रातून वर पाहिलं आणि परत डोकं खाली घातलं. लाइट गेली.

एक ते अडीच आम्ही दोघं त्या अंधाऱ्या, उकडणाऱ्या खोलीत बसलो. बाबूंनी डबा उघडला, अर्धी भाकरी आणि झुणका माझ्यापुढे सरकवला. टूल चुकलं होतं, हे मी सांगणार होते; कोलते काहीही म्हणोत, मी ठरवून टाकलं होतं. पण तेवढ्याने हा माणूस सुटत नव्हता. कुणीही विचारलं असतं: बाबा रे, पण तू काढून टाकायची आज्ञा दिलीसच का?

“बाबू, खरं सांगा. नोंदी काढायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?”

“कोनी नाई. मी नोंदी काढल्याच नाई.”

“आत्ता तुम्ही हो म्हणालात! रोजनिशीत तुमची सही आहे!”

“ते नकलेचं हाये. नकला मी काढल्या. नोंदीले मी हात नाई लावला.”

“अहो, नक्कल काढणं म्हणजेच नोंद काढणं!”

“असं कसं होईन म्याडम?”

“तसंच होतं! मदतीत स्वच्छ लिहिलंय. वाचली होती ना मदत?”

“वाचली ना. पाठ हाये. नोंदींच्या नकला काढतो.”

“मग?”

“मंग काढल्या ना!”

मी उठून उभी राहिले. या माणसाला आता मारावं की स्वतःचं डोकं भिंतीवर आपटावं, कळेना. बावीस दिवस त्याची वरात निघालीय आणि तो माझ्याशी शब्दांचे खेळ खेळतोय असं मला वाटलं. मी ओरडलेच. “गावंडेबाबू, दोनशे अकरा मुलं गेलीत! नकला काढल्या, नकला काढल्या काय लावलंय? कशासाठी काढल्या?”

ते जराही चिडले नाहीत. माझा आवाज चढला तसा त्यांचा खाली आला.

“सांभाळाले. एक जुनं रजिस्टर वाळवीनं खाल्लं होतं ना एकडाव, सत्त्याऐंशी साली. तवापासून मी ठरवलं, जे काई लिवलं असन त्याची नक्कल पायजे. तुमच्या मशीनचा तं काय भरवसा? लाइट गेली, बिघडलं, तं? म्हून दर शनिवारी नक्कल काढायची. तहसीलात नक्कल काढतो, कोर्टात नक्कल काढतो. अन सातबाऱ्याची नक्कल काढली म्हंजे सातबारा मिटते का म्याडम?”

मी उभीच होते.

“अन खाली तुमीच लिवलं हाये,” ते पुढे म्हणाले, “सर्व रकाने तंतोतंत जुळल्यासच. म्हंजे अस्सलबरहुकूम. एक रकाना जरी चुकला तं नक्कल निघनार नाई. मले लय बरं वाटलं ते वाचून. म्हटलं, कोनीतरी ध्यान देऊन केलं हाये. पयल्या दिवशी दोनशे अकरा निघाल्या, मंग दर शनिवारी सांगे, नकला काढणे बाकी नाही. म्हंजे काम पुरं हाये. चांगलं हाये.”

खिडकीच्या फटीतून येणाऱ्या उजेडात त्यांचं तोंड दिसत होतं. खेळ नव्हता. या माणसाने माझं वाक्य एका शब्दाने इकडेतिकडे न करता वाचलं होतं, आणि ते तेच सांगत होतं जे त्याला समजलं. मी मनात ते वाक्य पुन्हा वाचलं. नोंदींच्या नकला काढतो. आजवर शंभरदा वाचलेलं. पहिल्यांदाच ते मला त्यांच्या बाजूने दिसलं.

मग निशिकांतने आधी जे लिहून दिलं होतं ते मला आठवलं. ‘डुप्लिकेट डिलीट करतो.’ मी ते वाचून त्याच्या टेबलाशी गेले होते आणि चारचौघांत त्याची खिल्ली उडवली होती. तीन शब्दांतले दोन इंग्रजी, निशिकांत, लाज नाही वाटत? तो म्हणाला होता, सगळ्यांना कळतं. मी म्हटलं, कळणं पुरेसं नाही, भाषा म्हणून काही असतं. आणि लाल पेनने तिन्ही शब्द खोडून वर लिहिलं होतं, ‘नकला काढतो’. किती सुटसुटीत झालं म्हणून दिवसभर खुशीत होते.

“बाबू,” मी हळू विचारलं, “तिथे डिलीट लिहिलं असतं तर?”

“तं मी कशाले हात लावू?” ते हसले. “डिलीट मले समजते म्याडम. माह्या नातवालेही समजते.”

मी खाली बसले. त्यांनी मला पाणी दिलं. उन्हाचा त्रास झाला असेल असं त्यांना वाटलं.

समिती तीनला बसायची ती सव्वातीनला बसली. अध्यक्ष नानासाहेब म्हणजे संस्थेचे जुने वकील. शेजारी काळमेघसर आणि विज्ञानाच्या एक शिक्षिका. गावंडेबाबू दाराशी उभे. त्यांना कुणी बसा म्हटलं नाही.

मी बोलायला सुरुवात केली आणि फार छान बोलले. टूल सगळे रकाने बघत नाही, मदतीत लिहिलंय ते खोटं आहे, हे मी स्पष्ट सांगितलं. पाच नोंदींची फाइल चालवून दाखवली, आजोबा कसे जातात ते सगळ्यांनी पाहिलं. हा बदल दिवाळीआधी प्रोग्रॅमरने केला आणि कुणाला कळवला नाही, हेही सांगितलं. मालकाने हे बोलू नको म्हणून बजावलंय, हेसुद्धा. नानासाहेबांनी भुवया उंचावल्या. मला माझाच अभिमान वाटला. नोकरी गेली तर जाऊ दे, असं काहीतरी डोक्यात चाललं होतं.

“म्हणजे कुणा एका घराण्याच्या नोंदी ठरवून काढल्या, असं नाही,” नानासाहेब म्हणाले.

“मुळीच नाही. टूलने काढल्या.”

“ठीक. तो आरोप गेला. पोलिसांचं काही नाही.” त्यांनी कागदावर लिहिलं. “पण आज्ञा यांनी दिली. का दिली?”

मग मी त्यांना ती ओळ दाखवली. काळमेघसरांनी मोठ्याने वाचली, “नोंदींच्या नकला काढतो,” आणि सहज म्हणाले, “म्हणजे प्रती करतो.” विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, “मलापण तसंच वाटलं.” दाराशी बाबूंनी मान डोलावली.

नानासाहेब मात्र वकील होते. “कंपनीच्या मनात काय होतं?”

“दुबार नोंदी काढून टाकतो.”

“काढतो म्हणजे काढून टाकतो, असाही अर्थ होतो का?”

“होतो.”

“तुम्ही भाषेच्या एम.ए. आहात म्हणे. मग मला सांगा, वाक्य चुकीचं आहे का?”

हा एकच प्रश्न होता. बाकी सगळं मी आधीच बोलून बसले होते, निशिकांतची चूक, कोलत्यांचा फोन, सगळं. फक्त हो म्हणायचं होतं. हो, चुकीचं आहे, आणि ते मी लिहिलंय, यांनी बरोबर वाचलं. मी तोंड उघडलं. काळमेघसर माझ्याकडे पाहत होते, त्या बाई पाहत होत्या. पाच वर्षं विद्यापीठात, पहिला वर्ग, आणि एका वाक्यात मार खाल्ला, हे त्या खोलीत म्हणायचं होतं.

“व्याकरणदृष्ट्या बरोबर आहे,” मी म्हटलं. “दोन्ही अर्थ होतात. संदर्भाने घ्यायचा असतो.”

“म्हणजे यांना संदर्भ कळला नाही.”

मी गप्प राहिले. त्यांनी तेही लिहून घेतलं.

निकाल त्यांनी तिथेच वाचून दाखवला. हेतुपुरस्सर फेरफाराचा आरोप सिद्ध होत नाही. तथापि संबंधित लिपिकाने सूचनेचा अर्थ नीट समजून न घेता आज्ञा चालवल्याने अभिलेखाचे नुकसान झाले, सबब सेवापुस्तकात तशी नोंद घ्यावी व समज द्यावी. काळमेघसरांनी किल्ली बाबूंच्या हातात दिली. बाबूंनी ती घेतली, पण त्यांचं लक्ष त्या कागदाकडे होतं.

“सर, समज तोंडी नाई का देता येनार?” त्यांनी विचारलं.

“सुटलात हे बघा ना गावंडे,” नानासाहेब म्हणाले आणि उठले.

माझी सहाची गाडी होती. नको नको म्हणत असताना बाबू स्टँडपर्यंत आले, माझी पिशवीही त्यांनीच घेतली. वाटेत दोन माणसांनी त्यांना थांबवून ‘सुटले ना बाबू’ म्हणून हात मिळवला. बाबू हसून ‘हाव, हाव’ म्हणाले. स्टँडवर रसवंतीच्या बाकावर बसलो तेव्हा त्यांनी हसणं थांबवलं.

“आला शेरा,” ते म्हणाले. “इकतीस वर्षांत पयला.”

“बाबू, मी...”

“तुमाले कायचा दोष? तुमी तं कंपनीची असून कंपनीविरुद्ध बोलल्या. तुमी नसत्या तं आज मी ठान्यात असतो.” त्यांनी उसाच्या रसाचा पेला माझ्या हातात दिला. “एक विचारू का? ते वाक्य लिवलं कोनं?”

गाडी लागत होती. कंडक्टर गावांची नावं ओरडत होता. मी पेल्यात बघत म्हटलं, “आहे ऑफिसात एक जण.”

“त्याचं मराठी कच्चं असन,” ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, माझी समजूत काढल्यासारखंच बोलले. “इंग्रजी शाळेतला असन पोट्टा. त्याची नोकरी नका घालवू म्याडम. नवीन असते मानूस, चुकते. शेरा एकाले आला तेवढा पुरे हाये.”

“नाही घालवणार,” मी म्हटलं.

“सांगजा त्याले समजावून.”

“सांगते.”

त्यांनी माझी पिशवी खिडकीतून सीटवर टाकून जागा धरली होती. गाडी सुटेपर्यंत ते खाली उन्हात उभे होते, खिशाला दोन पेनं, एका हातात किल्ली.

माझी नोकरी गेली नाही. कोलतेसर चार दिवस बोलले नाहीत, मग बोलायला लागले. निशिकांतने सगळे रकाने परत घातले आणि मला सॉरी म्हणाला, जे मी त्याला कधीच म्हटलं नाही. गावंडेबाबू पुढच्या मे महिन्यात निवृत्त झाले. सेवापुस्तकातला शेरा खोडायचा असेल तर नवा अहवाल लागतो, आणि तो देऊ शकणारं माणूस एकच होतं. मी सतरा वर्षांत तो दिला नाही. मागच्या वर्षी ते गेल्याचं काळमेघसरांकडून कळलं.

ते वाक्य मात्र मी दुसऱ्याच दिवशी सकाळी बदललं. ‘-एन : डुप्लिकेट नोंदी डिलीट करतो. परत मिळत नाहीत.’ आमच्याकडे मजकुरात काहीही बदल केला की बदलांच्या वहीत कारण लिहावं लागायचं, पुढे कुणाला पाहायचं झालं तर असावं म्हणून. मी तारीख घातली, सही केली आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘शुद्धलेखनाची किरकोळ दुरुस्ती.’